मोजणी बरोबर, सत्तावीस

सोमवार, २ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं माझं. एक बॅग, माझी स्वतःची उशी आणि ही वही. दुसऱ्याच्या उशीवर मला झोप लागत नाही आणि वही लिहिल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते, तिथली खोड. लिहिलं नाही म्हणजे झालंच नाही.

घर छान आहे. दुसरा मजला, भरपूर उजेड, नळाला दिवसभर पाणी. माझी खोली पेशंटच्या खोलीला लागून, मधे दार. पेशंट म्हणजे बाई. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणून घरात आणि शेजारीपाजारी सगळे त्यांना बाईच म्हणतात, अगदी सूनसुद्धा. वर्षापूर्वी झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, पण डोकं कसं लख्ख! डाव्या हातानं आपला हात दाबतात. एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. मी विचारलं, जमेल ना तुमचं माझ्याशी, मी जरा तोंडाची फटकळ आहे. तर एकदा दाबला आणि डोळ्यांनी हसल्या. तिथंच माझा जीव जडला.

त्यांच्या मुलाला मी मनातल्या मनात चिरंजीव म्हणायला लागलेय. या चिरंजीवांनी आईच्या गोळ्या मला दोन मिनिटांत सांगितल्या आणि गोगलगायी पाऊण तास.

हो, गोगलगायी! बाईंच्या पलंगासमोर टेबलावर दोन हात लांब काचेचा टँक आहे. त्यात सत्तावीस गोगलगायी, लिंबाएवढ्या, पिवळ्याधमक शंखाच्या. ही खोली घरात सगळ्यात थंड म्हणून टँक इथं, आणि आईलाही विरंगुळा, म्हणे. या जातीच्या गोगलगायी पाण्यात राहतात, पण हवा घ्यायला वर येतात आणि काठ सापडला की चढून पळून जातात. गोगलगाय पळून जाते हे ऐकून मला हसूच फुटलं. चिरंजीव हसले नाहीत. पाणी काठाच्या चार बोटं खाली ठेवायचं. झाकणाच्या काचेला चारही क्लिपा लावायच्या. पंपाची नळी जिथून बाहेर येते त्या खाचेत स्पंज कोंबायचा, कड रोज कोरडी पुसायची. आणि सकाळ-संध्याकाळ मोजायच्या, पण हात लावायचा नाही. शंखाच्या तोंडाशी तपकिरी चकतीसारखं दार असतं. ते ओढून घेऊन त्या दिवसच्या दिवस झोपतात, उचललं तर धसका घेऊन मरतात. माझ्या आधीची आया एकेक उचलून बघायची म्हणून तिला काढून टाकली, हे सूनबाईंनी वर ऐकवलं.

मी म्हटलं, मोजायचं मला नका शिकवू. थिएटरात पोट शिवण्याआधी आत गेलेला प्रत्येक चिमटा, प्रत्येक कापसाची घडी मोजून बाहेर यावी लागते. मी मोठ्यानं मोजायचं, डॉक्टरांनी ऐकायचं, जुळलं तरच टाका. माझी मोजणी कधी चुकली नाही.

संध्याकाळी काचेबाहेरून मोजल्या. सत्तावीस. गंमत म्हणून बाईंपुढे हात केला, बरोबर ना बाई? तर दोनदा दाबला. गणिताच्या बाई आणि बेरजेत चूक! पुन्हा मोजल्या. सत्तावीसच.

बुधवार, ४ फेब्रुवारी

दिवस मार्गी लागलाय. सकाळी बाईंचं अंग पुसणं, कूस बदलणं, पातळ खाणं भरवणं. मग टँक. कडेला ओल दिसली की पुसून घेते. काकडीची उकडलेली चकती आत सोडायची आणि अंड्याच्या टरफलांचा चुरा. शंखाला चुना लागतो, नाहीतर त्या एकमेकींचे शंख कुरतडून खातात, असं चिरंजीव कौतुकानं सांगत होते. त्यांच्या जिभेवर म्हणे कानशीसारखे दात असतात, हजारो. गोगलगाय नि पोटात पाय एवढं ऐकून होते, जिभेवर दात हे नवीनच.

एक मात्र आवडलं नाही. बाईंच्या उजव्या हाताची नखं फार पातळ झालीत, कांद्याच्या सालीसारखी. सूनबाईंना दाखवलं. वय झालं, म्हणाल्या, आणि फोन घेऊन आत गेल्या. वय काय फक्त एकाच हाताचं होतं का? डाव्या हाताची नखं ठणठणीत आहेत! पण नवीन आहे, इथंच लिहून ठेवते.

मोजणी दोन्ही वेळा सत्तावीस. बाई दोन्ही वेळा नाही म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, आता छडी घेऊन उभं करा मला वर्गाबाहेर. त्या हसल्या नाहीत.

शनिवार, ७ फेब्रुवारी

डोकं नुसतं भणभणतंय. आज सुट्टी, म्हणून चिरंजीव सकाळी टँकपाशी आले आणि आल्या आल्या माझ्यावर डाफरले. काचेच्या बाहेरून, खाली टेबलापर्यंत, तिथून भिंतीवर, वाळलेल्या डिंकासारखा चकचकीत माग होता. झाकण उघडं ठेवलंत, म्हणाले. त्यांच्या आईनं अख्खी रात्र खोकून काढली, त्याची विचारपूस राहिली बाजूला! मी म्हटलं, चला, मोजू या. त्यांच्यासमोर मोजल्या. सत्तावीस. मग पळाली कोण? तेही चपापले. तरी शेवटी म्हणालेच की सिस्टर, निष्काळजीपणा नको.

निष्काळजीपणा! मला!

लिहूनच टाकते, म्हणजे पोटातलं बाहेर येईल. दोन वर्षांपूर्वी थिएटरात एका बाळंतिणीच्या वेळी मोजणीत एक घडी कमी आली. मी ओरडून सांगितलं की जुळत नाही, शिवू नका. मोठ्या डॉक्टरांना घाई होती. शिवलं. ती पोर तेराव्या दिवशी गेली. चौकशीत काय लिहिलं? सिस्टरच्या मोजणीत गफलत. चोर सोडून संन्याशाला फाशी! चौतीस वर्षं एका ओळीत पुसली. त्या दिवसापासून ठरवलंय, माझ्या हाताखालच्या माणसाच्या अंगात नको ते काही राहू देणार नाही. बाईंच्या तर नाहीच.

म्हणून सांगते, मोजणी बरोबर असेल तर झाकण बंद होतं. माग कसला, ते त्यांचं त्यांनी शोधावं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

माग रोज दिसतो. आज भिंतीवरून पलंगाच्या पायापर्यंत. आणि पलंगामागच्या भिंतीचा चुना जागोजागी खरवडलेला, खालचं सिमेंट उघडं. कोणी काय बोलायच्या आत मी कामाला लागले. स्पंज दुप्पट कोंबला, वरून चिकटपट्टी. चारही क्लिपांवर दोरी फिरवली, झाकणावर दोन विटा. आता वाघ जरी आत कोंडला तरी बाहेर यायचा नाही. सूनबाईंनी विटा बघून नाक मुरडलं.

काकडी तशीच पडून सडतेय. अंड्याची टरफलंही तशीच. त्यावरूनही मलाच बोलणी, काकडी नीट उकडत नाही म्हणे. चौतीस वर्षं हत्यारं उकळली, मला काकडी उकडता येत नाही!

पिवळेधमक शंख रांगेनं तळाशी बसलेत, दारं लावून. सत्तावीस. बाईंना सांगितलं, बाई, आता निर्धास्त. दोनदा दाबला. विचारलं, का नाही? मोजणी चुकली? एकदा. अहो सत्तावीस आहेत! दोनदा. मग मीही चिडले. म्हटलं, बाई, तुमची शाळा सुटली, आता माझी मोजणी ऐका. बाईंनी डोळे मिटून घेतले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सकाळी अंग पुसताना बाईंचा उजवा हात उचलला तर तो मनगट आणि कोपराच्या मधोमध वाकला. जिथं सांधाच नाही तिथं! आवाज नाही, काही नाही. ओल्या टॉवेलसारखा लवला. मी किंचाळले. सूनबाई धावत आल्या आणि पहिलं वाक्य काय, तर तुम्ही पिरगाळलात का त्यांचा हात?

मी? मी पिरगाळीन? जिच्या घोटभर पाण्यासाठी मी आपलं जेवण अर्धवट टाकून उठते तिचा हात? तोंडात आलं ते बोलले. त्याही बोलल्या. बाई बिचाऱ्या माझा हात दाबत होत्या, दोनदा, दोनदा, पण सून बघेल तर ना!

चिरंजीव ऑफिसातून आले. आधी टँकवरच्या विटा उचलून आत डोकावले. आईकडे नंतर. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी नेऊन एक्स-रे काढून आणला. मी उजेडात धरून बघितला. उजव्या हाताच्या हाडात गोल गोल पोकळ्या आहेत. अशा मी चौतीस वर्षांत पाहिल्या नाहीत.

शनिवार, १४ फेब्रुवारी

डॉक्टर घरीच आले. तरुण आहेत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसतात. हाडं ठिसूळ झालीत, आजी, वयात होतं असं. मी पोकळ्या दाखवल्या तर म्हणाले, सिस्टर, म्हातारपणी हाडांची चाळण होते, तुम्हाला मी काय सांगायचं. आणि प्लास्टरच्या पट्ट्या भिजवायला बसले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. बाईंच्या उजव्या बाहीवर आज सकाळी तोच चकचकीत माग होता. मी म्हटलं, थांबा डॉक्टर, एक मिनिट. उठून टँकपाशी गेले. विटा जागच्या जागी. दोरी तशीच. मोजल्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. सत्तावीस, एकही कमी नाही. मग आणखी काय बघायचं? परत आले आणि म्हटलं, मोजणी बरोबर आहे, घाला.

डॉक्टर हसले. त्यांना काय कळणार मी कशाची मोजणी म्हणतेय.

बाईंचा डावा हात माझ्या हातात होता. पहिली पट्टी गुंडाळल्यापासून शेवटच्यापर्यंत दाबत होत्या. दोनदा. दोनदा. दोनदा. मला वाटलं दुखतंय. म्हटलं, झालं हं बाई, झालंच. बोटांपासून दंडापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर. मीच कड गुळगुळीत केली.

सोमवार, १६ फेब्रुवारी

प्लास्टर वाळत नाही. दोन दिवसांत दगड व्हायला हवं होतं. बोटानं दाबलं तर दबतं, आतून ओल येते. कडेचा चुरा गादीवर पडलेला असतो, तो झटकला की तासाभरानं पुन्हा. डॉक्टरांना फोन केला. खोलीत दमटपणा असेल, म्हणाले. मी म्हटलं, येऊन बघा. म्हणाले, तीन आठवड्यांनी येतोच आहे. हसलेही.

बाई खात नाहीत. माझा हात मिळाला की दाबत राहतात. काय हवंय, पाणी? नाही. कूस? नाही. दुखतंय? हो. कुठं, हातात? हो. गोळी देऊ? नाही. नाही. नाही. दिवसभर हेच. शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, गप पडा हो जरा! बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं. आता त्यांच्या पायाशी बसूनच हे लिहितेय. उद्या माफी मागते.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज हातून दोन कप फुटले. पकडलेलं सुटतं. उजव्या हाताच्या बोटांत जोर नाही. जागरणानं असेल. सूनबाई म्हणाल्या, कपसुद्धा धरवत नाही आणि पेशंट सांभाळता? मी डाव्या हातानं तुकडे गोळा केले.

प्लास्टरच्या बोटाकडच्या टोकातून आत टॉर्च मारला. बोटांची टोकं दिसली. नखं नाहीत. चार बोटांना नखंच नाहीत, नुसती गुळगुळीत कातडी. आणि उजेड पडला तसं आत काहीतरी मागे सरकलं.

पट्टी असेल, सुटलेली.

पट्टी मागे सरकत नाही. मला माहीत आहे.

मोजल्या. सत्तावीस. बाईंना विचारलंच नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी, दुपार

हे नीट लिहायचंय. राग गिळून, क्रमानं.

घरात मी आणि बाईच होतो. टँकचं पाणी उपसायला घेतलं. विटा काढल्या, दोरी सोडली. पाणी अर्धं झालं तसे शंख उघडे पडले. हात लावायचा नाही, हा नियम. खड्ड्यात गेला नियम! पहिला उचलला.

हलका. रिकाम्या काडेपेटीसारखा हलका.

दाराच्या चकतीला नख लावलं. गळून पडली. आत काही नाही. मेलेली असती तर घाण आली असती, सडकं काही असतं. आत लख्ख, कोरडं, घासून ठेवल्यासारखं. दार लावून निघून गेलेली.

दुसरा. रिकामा.

सगळे. सत्तावीसच्या सत्तावीस.

शंख नाही म्हणजे अंग किती मऊ, किती चपटं. नळीच्या खाचेतून, दुप्पट स्पंजातून, चिकटपट्टीखालून सहज. मी काय कोंडत होते विटा ठेवून? टरफलं!

आणि थिएटरात मीच पोरींना शिकवायची की कापसाची घडी उलगडल्याशिवाय मोजायची नाही. गठ्ठा बघून आकडा सांगितला म्हणून एका पोरीला मी रडवलं होतं. आणि इथं? काचेबाहेरून बोट फिरवून सत्तावीस, सत्तावीस! ती आधीची आया, ज्या बिचारीला काढली, ती बरोबर करत होती. बाई रोज सांगत होत्या, दोनदा दाबून. समोर पडल्या पडल्या त्यांनी सगळं बघितलं होतं. कोण कधी बाहेर पडलं, कुठून आलं, कुठं शिरलं. हलता येत नाही त्या हातात, जिथं कोणी झटकणार नाही.

घर सोडलं की राहायला दुसरं घर लागतंच. चुन्याचं.

आणि मी वरून प्लास्टर घालू दिलं. आणखी चुना. मी म्हटलं, मोजणी बरोबर आहे, घाला. मीच.

संध्याकाळ

चिरंजीवांसमोर टेबलावर सगळे शंख ओतले. आधी पांढरे पडले. मग म्हणाले, मारल्यात तुम्ही. मी म्हटलं, अहो त्या मेल्या नाहीत, तुमच्या आईच्या हातात आहेत, प्लास्टर कापा! तर सूनबाईंकडे बघून डोक्याशी बोट फिरवलं. वय विचारलं माझं. डॉक्टरांना फोन लावून दिला, तो हसऱ्या आवाजात म्हणाला की सिस्टरना विश्रांती द्या.

उद्या सकाळी दहाला मी निघायचं. दुसरी आया येतेय. तिलाही नियम सांगणार असतील, हात लावायचा नाही.

मी प्लास्टरला हात लावला तर पोलीस बोलावतील म्हणे. बोलवा! एकदा मी ओरडले आणि कोणी ऐकलं नाही, तेव्हा मी गप्प बसले होते. ती पोर गेली. या खेपेला नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी, सकाळ

सात वाजता. दोघं चहा घेतायत. बाईंच्या खोलीच्या दोन्ही दारांना आतून कड्या घातल्या. टेबल बाहेरच्या दाराला लावलं, रिकाम्या टँकसकट.

पेन बोटांत राहत नाही. रबरानं बांधलंय.

बाईंची माफी मागितली. एकदा दाबला. मग विचारलं, कापू? एकदा. केवढ्या जोरानं!

व्हिनेगरचं पाणी ओततेय प्लास्टरवर, मऊ पडतं त्यानं. कात्री आहे. परातीत मीठ.

आठ वाजले

उघडलं.

हात आहे. कातडी, त्यात काही थोडं. आणि त्या. पांढऱ्या. शंखाशिवाय. ओल्या जिभेच्या शेंड्यासारख्या, एकीला एक चिकटून, मनगटापासून कोपरापर्यंत —

एकेक उचलून. उलटून बघून. मोठ्यानं मोजून. मिठात.

एक. दोन. तीन.

मिठात फुटतात तेव्हा आतून चुना येतो. गोगलगाय नि पोटात पाय म्हणे! पोटात बाईंचं मनगट होतं, मेल्यांच्या!

अकरा. कातडीखाली होती. सुईएवढं कापलं. बाई ओरडू शकत नाहीत. माझा दंड धरलाय त्यांनी.

सतरा.

दारावर धडका. चिरंजीव. काय करताय, काय करताय. आई कशी आहे हे अजून विचारलं नाही.

बावीस. तेवीस.

सव्वीस.

बाई, सव्वीस. आणखी आहे आत? दोनदा दाबला. नाही. आत नाही.

मग सत्ताविसावी? गादीत नाही. उशीत नाही. बाहीत नाही. केसांत बघितलं. प्लास्टरचा प्रत्येक तुकडा चुरडून बघितला. नाही. जुळल्याशिवाय पट्टी बांधणार नाही मी, हे ऐकताय ना, बांधणार नाही —

बाईंनी माझा हात सोडला. एक बोट माझ्या उजव्या मनगटावर ठेवलं. हळूहळू वर आणलं. कोपराच्या अलीकडे थांबवलं. दाबलं.

तिथं दबलं.

आई गं.

रोज याच हातानं त्यांचा तो हात धरून पुसत होते. कप सुटले. दोन कप. आणि मी म्हणे जागरण —

या खेपेची घडी सिस्टरच्याच हातात राहिली होती

बाईंचा हात धुतला. पट्टी बांधली. स्वच्छ. लिहून ठेवते, कोणी म्हणायला नको. पेशंटच्या अंगात काही राहिलेलं नाही. सव्वीस परातीत, एक माझ्यात.

बाई, बरोबर?

एकदा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बाई रडतायत. मीही.

बिजागरी उखडतायत ते. कोणीतरी पहार आणलीय. पाच मिनिटं आहेत फार तर. मग मला धरतील, माझं कोण ऐकणार, आणि हा हात बघून हसरा डॉक्टर म्हणेल की प्लास्टर —

नाही. प्लास्टर नाही. मीच.

कात्री डाव्या हातात घेतलीय. बाई, कापू का माझा?

दोनदा.

अहो वर चाललीय ती. कोपर गेलं. दंडात लागतेय मला. बाई, सोडा

दोनदा. दोनदा. कात्रीचा हात सोडत नाहीत. एवढा जोर कुठून

बाई, सोडा ना हो, पेन वाकतंय, पेन नाही, बोट वाक